कातळावरचा ठेवा

कोंकण पाहावयास जाणाऱ्या मंडळींची एक ठराविक वाट असते. गणपतीपुळ्याचें दर्शन, समुद्रस्नान, मोदकांचें जेवण आणि परततांना आंबापोळी व आमसुलें, झालें कोंकण! आमच्या घरांतहि गेलीं कित्येक वर्षें हाच क्रम चालू होता. वास्तविक आम्ही मूळचे राजापूर तालुक्यांतले. पण आजोबांच्या मागून एकेक जण पुण्यास आला, आणि गांवचें घर प्रथम सुटीचें, मग गणपतीचें, आणि शेवटीं नुसतें सात-बाराच्या उताऱ्यावरचें राहिलें. गतवर्षीं मार्गशीर्षांत मात्र आम्हांस आठ दिवस त्या बाजूस काढावे लागले. त्या आठ दिवसांत जें पाहिलें तें वाचकांपुढें ठेवावें असें मनांत आलें, म्हणून हा लेख.

जाण्याचें कारण यात्रेचें नव्हतें. गांवच्या वरच्या अंगास आमचा चार एकर कातळ आहे. त्यावर भात पिकत नाहीं, आंबा लागत नाहीं. म्हणून वांटण्या झाल्या तेव्हां तो कोणींच मागितला नाहीं व सर्वांच्या नांवें सामाईक राहिला. त्या निरुपयोगी कातळास आतां एका चिरेखाणवाल्याकडून मागणी आली होती. आमच्या धाकट्या बंधूंची नोकरी नुकतीच सुटली होती. घराच्या कर्जाचे हप्ते थकले होते. त्यांस हा व्यवहार म्हणजे देवच पावल्यासारखा वाटला, आणि त्यांत त्यांचें कांहीं चुकलें असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. उताऱ्यावर नांवें नऊ. आठ जण सही करण्यास तयार होते. नववें नांव आमच्या काकूचें. तिचें वय ब्याऐंशी. ती म्हणाली, "सही करायला मी कुठें नाहीं म्हणतें? पण आंधळ्यासारखी करणार नाहीं. आधीं कनकादित्याचें दर्शन घडव, मग कातळ दाखव, आणि मग कागद पुढें कर."

तेव्हां काकू, थोरले दादा व वहिनी, धाकटे बंधु, आमचीं दोन मुलें व आम्ही उभयतां असा लवाजमा निघाला. पनवेलीस कोंकण रेल्वेंत बसलों. हा लोहमार्ग २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण सुरू झाला. त्यापूर्वीं घांट उतरून यावयाचें, किंवा त्याच्याहि आधीं मुंबईहून आगबोटीनें. काकू १९६० सालीं लग्न होऊन आली ती बोटीनेंच. मुसाकाजीस बोट खोल पाण्यांत उभी राहावयाची आणि उतारूंस पडावांत उतरावें लागावयाचें; त्या हेलकाव्यांत नव्या नवरीची भीति पाहून सासऱ्यांनीं शालीच्या पदराचें एक टोंक तिच्या हातीं दिलें होतें, ही आठवण तिनें आम्हांस करबुड्याच्या बोगद्यांत सांगितली. हा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. गोष्ट संपली तेव्हां उजेड दिसला.

रत्नागिरींत एक दिवस पुरे होतो, पण तो नीट लावला पाहिजे. लोकमान्यांचें जन्मस्थान प्रथम पाहावें. २३ जुलै १८५६ रोजीं ज्या घरांत बाळ गंगाधर टिळकांचा जन्म झाला तें कौलारू घर जतन केलेलें आहे; ओटी, माजघर, पाठीमागचें परसूं, सर्व आपल्याच आजोळासारखें. तेथून पतितपावन मंदिर. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत येथें स्थानबद्ध होते. सर्व हिंदूंस ज्याच्या गाभाऱ्यापर्यंत मोकळी वाट असेल असें देऊळ असावें ही त्यांची इच्छा, व तें बांधून दिलें दानशूर भागोजी कीर यांनीं, १९३१ सालीं. काकू तेथें बराच वेळ बसून होती. आपल्या माहेरच्या आजीनें या देवळाचें नांवहि घरांत काढूं दिलें नव्हतें, असें ती म्हणाली, आणि हात जोडून उठली. जुन्या पिढीचें मन कसें पालटतें, आणि तेंहि किती मुकाट्यानें, याचें हें उदाहरण मला महत्त्वाचें वाटतें.

सायंकाळीं थिबा राजाचा वाडा पाहिला. ब्रह्मदेश इंग्रजांनीं १८८५ सालीं जिंकला. राजा थिबा यास पुढील वर्षीं रत्नागिरीस आणून ठेवलें. हा वाडा त्याच्यासाठीं बांधला गेला व १९१० सालीं तो तेथें राहावयास आला. सहाच वर्षांनीं, डिसेंबर १९१६ मध्यें, त्याला येथेंच मरण आलें. त्याची समाधिहि याच गांवीं आहे. लाल चिऱ्याच्या त्या इमारतींत आतां सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. खालीं भाट्याच्या खाडीचें पाणी चमकत असतें. आमची मुलगी म्हणाली, "बाबा, राजाला इथून आपलें गांव दिसत होतें का हो?" मी म्हटलें, "नाहीं. त्याचें गांव दुसऱ्या समुद्रावर." धाकटे बंधु जवळच उभे होते, ते कांहीं बोलले नाहींत.

दुसऱ्या दिवशीं किनाऱ्याच्या रस्त्यानें दक्षिणेस निघालों. पांवसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचें दर्शन घेतलें. 'अभंग ज्ञानेश्वरी'चे कर्ते हे सत्पुरुष १९७४ सालीं समाधिस्थ झाले. तेथील शांतता मनावर ठसते. पुढें मुचकुंदी खाडीच्या मुखाशीं पूर्णगडचा लहानसा किल्ला लागतो. आकारानें तो एखाद्या वाड्याएवढाच. पण तटावर चढल्यावर एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस खुला समुद्र आणि मध्यें सुरूच्या रांगा असा देखावा दिसतो. मुलांनीं तेथें तास घालविला व आम्हीं तो घालवूं दिला.

कशेळीस पोंचलों तेव्हां ऊन कललें होतें. सूर्याचीं स्वतंत्र देवळें आपल्या देशांत मोजकीं. त्यांतलें कशेळीचें कनकादित्याचें देऊळ हें महाराष्ट्रांतलें एक प्रमुख. दंतकथा अशी सांगतात, कीं प्रभासपट्टणाहून मूर्ति घेऊन दक्षिणेस जाणारें एका व्यापाऱ्याचें गलबत कशेळीच्या समोर अडून बसलें. मूर्ति किनाऱ्यावरच्या कड्यांतील एका गुहेंत ठेवतांच तें हललें. पुढें गांवांतील कनका नांवाच्या सूर्योपासक कलावंतिणीस दृष्टांत झाला, आणि तिनें गांवकऱ्यांच्या मदतीनें देव वर आणला. तिच्या नांवावरून देव कनकादित्य झाला. ती गुहा अद्यापि दाखवितात. दंतकथा बाजूस ठेवली तरी येथें बळकट पुरावाहि आहे. पन्हाळ्याचा शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३, म्हणजे इ. स. ११९१ मधील ताम्रपट या देवस्थानाशीं निगडित आहे. आठशें वर्षांहून अधिक काळ एक गांव एक कागद, छे, एक तांब्याचा पत्रा सांभाळून ठेवतो, हीच केवढी गोष्ट आहे! माघांत रथसप्तमीस येथें मोठा उत्सव होतो. त्या वेळीं कालिकावाडीची कालिकादेवी वाजतगाजत पाहुणी म्हणून येते. गांवकरी तिला आदित्याची पत्नी मानतात. काकूनें देवापुढें नारळ ठेवला, आणि दादांच्या हातांतल्या कागदांच्या पिशवीकडे एकदां पाहून डोळे मिटले.

याच कशेळीच्या सड्यावर आमच्या प्रवासांतलें खरें नवल होतें. येथें सड्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. कोंकणांतील डोंगर चढून गेलें कीं वर शिखर नसतें. मैलोगणती सपाट, काळसर-तांबडें पठार असतें. त्यास सडा म्हणतात व त्या खडकास कातळ. हा जांभा दगड. काळ्या पाषाणाची उष्ण व दमट हवेंत युगानुयुगें झीज होऊन त्यांतील लोह व ॲल्युमिनियम यांचे अंश मागें राहतात, व त्यांचा हा सच्छिद्र खडक बनतो. नवा कापला कीं तो मऊ असतो. वाऱ्यापाण्यांत राहून टणक होतो. म्हणूनच त्याचे चिरे घरबांधणीस उत्तम. उन्हाळ्यांत हा सडा भाजलेल्या तव्यासारखा दिसतो. पण आषाढ-श्रावणांत त्याच्या खळग्यांत पाणी सांठतें आणि सीतेच्या आसवांच्या निळ्या-जांभळ्या फुलांनीं व पांढऱ्या गेंदांनीं तो भरून जातो. दीपकाडी नांवाचें पांढऱ्या फुलांचें एक कंदवर्गीय रोप पावसाच्या आरंभीं येथें फुलतें. कोंकणच्या सड्यांबाहेर तें आढळत नाहीं. सड्यानें पिऊन घेतलेलें पावसाचें पाणीच पुढें खालच्या वाडींतील झऱ्यांस व विहिरींस पुरतें. तेव्हां 'निरुपयोगी' हा शब्द आपण किती घाईनें वापरतों तें दिसेल.

अशा सड्यांवर प्राचीन माणसानें चित्रें कोरून ठेवलीं आहेत. त्यांस आतां कातळशिल्पें म्हणतात. गुराख्यांस तीं पूर्वींपासून ठाऊक होतीं. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत रत्नागिरीच्या कांहीं अभ्यासू व हौशी मंडळींनीं पायपीट करून, गांवोगांवच्या वृद्धांस विचारून, हजाराहून अधिक आकृति उजेडांत आणल्या. कशेळीचा हत्ती त्यांत सर्वांत भव्य. तो सुमारें साठ फूट लांब व चाळीस फुटांहून अधिक रुंद आहे. जवळ उभें राहिलें तर नुसत्या रेघा दिसतात. थोडें मागें सरून, कलत्या उन्हांत पाहावें, मग एकदम पाय, पाठ, सोंड जुळून येतात. आणि गंमत ही, कीं त्या हत्तीच्या पोटांत आणखी सत्तरांवर लहान प्राणी कोरले आहेत. कुठें वाघ, कुठें मासा, कुठें पक्षी. आमचे चिरंजीव ते मोजीत बसले आणि चाळिशीनंतर त्यांचा आंकडा चुकूं लागला.

राजापूर तालुक्यांत बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्यें उभा असलेला पुरुष आहे. देवाचें गोठणें येथें भार्गवरामाचें देऊळ आहे, आणि वरच्या सड्यावर एक मनुष्याकृति. तिच्याजवळ होकायंत्राची सुई भलतीकडे वळते. उक्षी, जांभरूण, देवीहसोळ, रुंढेतळी हीं गांवेंहि ध्यानांत ठेवावीं. हीं सर्व, सिंधुदुर्गांतील कुडोपी आणि गोव्यांतील फणसायमळ मिळून नऊ स्थळें, २०२२ सालीं जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादींत समाविष्ट झालीं आहेत. या चित्रांत गेंडा आहे, जो आज कोंकणांत कोठेंहि नाहीं. समुद्रांतले मोठे मासे आहेत. पण नांगर नाहीं, शेत नाहीं. त्यावरून शेती माहीत होण्यापूर्वींच्या, शिकार व मासेमारी यांवर जगणाऱ्या लोकांचें हें काम असावें असें अभ्यासक मानतात. ताम्रपटाचीं आठशें वर्षें आम्हांस पुष्कळ वाटलीं होतीं. या हत्तीपुढें तीं कालची गोष्ट ठरलीं.

हें पाहून झाल्यावर काकू म्हणाली, "असें आपल्याकडेहि आहे." आम्ही सर्व थक्क झालों. साठ वर्षांत तिनें हें कधीं सांगितलें नव्हतें. दादा म्हणाले, "अग, मग बोलली कां नाहींस?" ती म्हणाली, "मला विचारलें कुणीं?"

तिसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या गांवीं गेलों. वाडींतील एक वृद्ध शेतकरी बरोबर आले. काकूस खुर्चींत बसवून वर नेलें. मार्गशीर्षांतलें वाळलें गवत कमरेपर्यंत वाढलें होतें. काकूनें एका एकाकी कुंभ्याच्या झाडाकडे बोट दाखविलें. तिच्या तरुणपणीं गुराखी पोरें तेथें जेवणाचीं फडकीं सोडीत, आणि पांडवांनीं एका रात्रींत काढलेलें चित्र म्हणून त्याला पाय लागूं देत नसत. शेतकऱ्यांनीं गवत कापलें. वहिनींनीं खराट्यानें माती लोटली. आधीं दोन पावलें दिसलीं, मग एक मासा, आणि त्यापलीकडे अर्धी मातींत बुजलेली एक चौकोनी आकृति. कशेळीचा हत्ती तो कशेळीचाच. आमचा ठेवा चार हात जागेंत मावणारा. पण मासा असा कांहीं कोरला होता, कीं शेपटीचा झटका अजून चालू आहे असें वाटावें. धाकट्या बंधूंनीं खराटा हातीं घेतला आणि माशाच्या खवल्यांतील माती अलगद, एकेक रेघ धरून, काढली. नंतर तो खालीं ठेवून ते एकटेच सड्याच्या टोंकापर्यंत चालत गेले.

तेवढ्यांत शेतकरी दादांस सांगत होते, कीं पलीकडच्या गांवीं सड्यावर खाण लागल्यापासून खालच्या वाडीचा झरा फाल्गुनांतच आटूं लागला. येथेंहि तसें झालें तर बायकांस उन्हाळ्यांत पाणी कोठून आणावें? त्यांनीं आम्हांस अडविलें नाहीं. जमीन तुमची, एवढेंच ते शेवटीं म्हणाले. त्या चार शब्दांनीं आम्हांस जितकें लाजविलें तितकें भांडणानें लाजविलें नसतें. काकूनें कागद मागून घेतले, घडी केली, आणि आपल्या पिशवींत ठेवले. सही झाली नाहीं.

धाकटे बंधु त्या दिवसापासून आमच्याशीं मोजकेंच बोलूं लागले. त्यांचा राग समजण्यासारखा होता. ज्याच्या घरीं हप्त्याची नोटीस आली आहे त्याला दहा हजार वर्षांपूर्वींचा मासा दाखवून समाधान मानावयास सांगणें सोपें असतें. सांगणाऱ्यास हप्ता भरावयाचा नसतो.

राजापुरांत अशाच मुकेपणानें हिंडलों. अर्जुना व कोदवली या नद्यांच्या कांठीं वसलेली ही जुनी बाजारपेठ. पावसाळ्यांत पुराचें पाणी बाजारांत शिरतें, आणि तें ओसरलें कीं व्यापारी पुन्हा दुकानें धुऊन मांडतात. येथें इंग्रजांची वखार होती. पन्हाळ्याच्या वेढ्यांत इंग्रजांनीं सिद्दी जौहरास तोफांची मदत केली, म्हणून शिवाजी महाराजांनीं १६६१ सालीं ती लुटली व वखारवाल्यांस कैद केलें. गांवाजवळ धोपेश्वरास मृडानी नदीच्या कांठीं धूतपापेश्वराचें देऊळ आहे. शेजारींच प्रपात पडतो. उन्हाळें गांवीं उष्णोदकाचा झरा, व त्याच परिसरांत प्रसिद्ध राजापूरची गंगा. येथील चौदा कुंडें एरवीं कोरडीं असतात आणि बहुधा दोन-तीन वर्षांनीं एकदां अकस्मात् भरून वाहूं लागतात. भाविक तिला गंगेचें आगमन म्हणतात. भूगर्भांतील पोकळींत पाणी सांठून तें वक्रनलिकेच्या न्यायानें बाहेर पडतें असें कारण शास्त्रज्ञ सुचवितात. आम्ही गेलों तेव्हां कुंडें कोरडीं होतीं. काकू म्हणाली, "येईल. ती आपल्या वेळेला येते."

शेवटचा मुक्काम विजयदुर्गास केला. वाघोटण खाडीच्या मुखाशीं तीन बाजूंनीं समुद्र असलेला हा दुर्ग. तिहेरी तटबंदी आजहि पाहणाऱ्यास दडपून टाकते. जुलै २०२५ मध्यें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसास्थळ म्हणून घोषित झाले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग यांच्याबरोबर हाहि आहे. किल्ला पाहावयास चांगले तीन तास हातीं ठेवावे, आणि भरतीच्या वेळीं तटावर असावें.

तटावर बसून मी मुलांस १७५६ ची हकीकत सांगितली. तुळाजी आंगरे व नानासाहेब पेशवे यांचें पटेना. आंगऱ्यास नमविण्यासाठीं पेशव्यांनीं इंग्रजांची मदत घेतली. वॉटसन व क्लाइव्ह त्या फेब्रुवारींत आरमार घेऊन आले. भडिमारांत आंगऱ्यांच्या आरमारास आग लागली आणि ज्या गलबतांचा टोपीकरांस धाक होता तीं याच खाडींत जळून गेलीं. किल्ला पुढें पेशव्यांस मिळाला. गलबतें मात्र पुन्हा तशीं झालीं नाहींत. मुलगा म्हणाला, "म्हणजे घरच्या भांडणांत आपणच आपलीं गलबतें जाळलीं?" मी कांहीं बोलण्यापूर्वींच धाकटे बंधु म्हणाले, "हो रे. आणि ज्यानें बाहेरचा माणूस आणला त्यालाहि तेव्हां निकड असेल." मग दादांकडे वळून ते हंसले. पांच दिवसांत प्रथमच.

त्या रात्रीं खानावळीच्या ओसरीवर दादांनीं वही काढली. पुढील दोन वर्षांच्या हप्त्यांचा निम्मा भार दादा व मी मिळून उचलावा, आणि बंधूंनीं नवी नोकरी लागल्यावर तो सवडीनें फेडावा, असें ठरलें. काकूनें आपल्या ठेवीचें व्याज त्यांत घातलें. ही रक्कम खाणवाल्याच्या रकमेपेक्षां पुष्कळ कमी आहे, व आम्हां सर्वांस पुढचीं दोन वर्षें हात आंखडून राहावें लागणार आहे, हेंहि येथें प्रामाणिकपणें नमूद करतों.

ज्यांस हा प्रवास करावयाचा असेल त्यांनीं मार्गशीर्ष ते माघ या महिन्यांत यावें. कातळशिल्पें सकाळीं आठच्या आंत अगर सायंकाळीं पांचनंतर पाहावीं, कारण तिरप्या उन्हांतच रेघा उठून दिसतात. चित्रावर पादत्राणें घालून चढूं नये. छायाचित्र स्पष्ट यावें म्हणून रेघांत खडू किंवा चुना भरूं नये. वाट विचारतांना गांवांतील वयोवृद्ध माणसांस विचारावी. त्यांस जें ठाऊक असतें तें नकाशांत नसतें. आणि ज्यांचीं मूळ घरें कोंकणांत आहेत त्यांनीं एक अधिक करावें. घरांतल्या सर्वांत थोरल्या बाईस शेजारीं बसवून, आपल्या जमिनींत काय काय आहे, तें एकदां विचारून घ्यावें.

आमच्या काकूस विचारण्यास आम्हांस साठ वर्षें लागलीं. तो विक्रीचा कागद अद्यापि तिच्या पिशवींत आहे. त्याच्या कोऱ्या पाठीवर आमच्या चिरंजिवांनीं तो मासा पेन्सिलीनें काढून दिला आहे.